रविवारचा घोट

थुंकून झाल्यावरच निल्झाला कळलं की आपण थुंकलो. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मायच्या स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये एक तपकिरी चूळ सरळ जाऊन पडली होती आणि तिचा एक शिंतोडाही इकडेतिकडे उडाला नव्हता. उडणार कसा? थुंकण्यात निल्झाचा हात धरील असं माणूस ब्राझीलच्या साऱ्या सांतोस बंदरात नव्हतं. त्याआधी फुर्रकन ओढल्याचा आवाजही झाला असणार. कॉफी हवेसकट ओढायची, जिभेवर पसरायची, टाळूला लावायची, नाकात चढू द्यायची आणि सोडून द्यायची. कचेरीत दिवसभर हेच चालायचं. पण इथं कचेरी नव्हती. रविवारची सकाळ होती, खिडकीबाहेर टेकडीच्या पायऱ्या धुक्यात उतरत गेल्या होत्या, आणि कडेला निळी फुलं असलेला कप हातात देऊन माय समोरच उभी होती. तिच्या हातात कॉफी गाळायचं फडकं होतं, वर्षानुवर्षं गाळून गाळून मातीच्या रंगाचं झालेलं.

"थुंकलीस?" माय म्हणाली.

"अगं माय, ते... सवय गं. लक्षच नव्हतं माझं."

"मुंगीबिंगी होती का त्यात?"

"नाही गं."

"मग साखर जास्त झाली?"

"नाही, माय. खरंच सवयीनं झालं."

"असू दे," माय म्हणाली. तिनं नळ सोडला, बेसिन धुतलं, आणि फडकं पिळून दोरीवर टाकलं. एवढंच झालं. रागावली असती, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. माय रागावली की टेकडीवरच्या कोंबड्यासुद्धा गप्प बसतात. पण तिनं पुढं शेजारणीच्या गुडघ्याचा विषय काढला आणि निल्झा मान हलवत राहिली, आणि त्या कपातली उरलेली कॉफी दोघींच्या मधे टेबलावर थंड होत गेली. निल्झा निघाली तेव्हा मायनं तो कप उचलून स्वतः पिऊन टाकला, उभ्या उभ्याच. ते पाहून निल्झाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पायऱ्या उतरताना तिच्या तोंडात तीच चव होती. एरवी थुंकलं की चव संपायची. चूळ भरली, कोमट पाण्याचा घोट घेतला, की जीभ कोरी. तेच तर तिचं कसब. आज मात्र चव खाली गेली नाही आणि बाहेरही पडली नाही. बसमध्ये बसली तरी ती होती. कालव्याच्या कडेनं बस किनाऱ्याकडे निघाली तरी होती. आणि समुद्राकाठच्या आपल्या इमारतीत ती शिरली तेव्हाही होती. ही इमारत एका अंगाला कललेली. खालची रेती भुसभुशीत, त्यामुळं किनाऱ्यावरच्या कितीतरी इमारती अशाच एकमेकींच्या कानाला लागल्यासारख्या कललेल्या. नव्या माणसाला चक्कर यायची. निल्झाला आता सरळ जमिनीवर चाललं की चुकल्यासारखं वाटायचं. टेबलावर लिंबू ठेवलं की ते आपलं आपण खिडकीकडे निघायचं. तिनं खुर्ची खिडकीशी ओढली. बाहेर धुक्यात जहाजं नांगर टाकून उभी होती, बंदरात शिरायची वाट बघत, आणि त्यांचे भोंगे कुणीतरी झोपेत बोलावं तसे येत होते. तिला विचार करायचा होता उद्याचा. आठवत होतं भलतंच.

उद्या सोमवार. उद्या सेऊ बेलार्मिनो खुर्चीतून उठणार. सेऊ म्हणजे आपल्याकडचं राव म्हणा. पण बेलार्मिनोंच्या बाबतीत तो मान नुसता तोंडदेखला नव्हता. खालच्या गावात, कॉफीच्या व्यापाऱ्यांच्या रस्त्यावर, ज्या पेढीत निल्झा काम करायची, तिथले ते मुख्य पारखी. कोणती कॉफी जहाजावर चढणार आणि कोणती नाही, हे त्यांच्या जिभेनं ठरायचं. आणि खुर्ची द्यायची त्या पेढीची रीत जुनी होती. कागद नाही, पत्र नाही. गोल फिरत्या टेबलाभोवती कप मांडायचे. एका बाजूला म्हाताऱ्यानं बसायचं, समोर नव्या माणसानं. दोघांनी तेच कप चाखायचे. निकाल आधी म्हातारा सांगणार, मग नवा. दोघांचे निकाल तंतोतंत जुळले, की म्हाताऱ्यानं उठायचं आणि खुर्ची गार व्हायच्या आत नव्यानं तीत बसायचं. एक जरी कप चुकला, तर बाहेरच्या पेढीतून माणूस आणायचा आणि नव्यानं आयुष्यभर समोरच बसायचं. बाई माणूस त्या खुर्चीत आजवर बसलेलं नव्हतं. हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, एवढंच.

निल्झा त्या पेढीत आली ती कप धुवायला. आधी ज्या दोघी होत्या त्या पाट्या टाकायच्या. कप विसळायचे, पालथे घालायचे, आणि जिन्यावर बसून पिक्चरच्या गप्पा. निल्झानं पहिल्याच आठवड्यात साबण बंद केला. साबणाचा वास कपात राहतो, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं हुंगून पाहिलं होतं. मग कढत पाणी, मग कपडा न लावता वाळवणं. बेलार्मिनो एकदा मोरीच्या दारात येऊन उभे राहिले. "पोरी, तू कप धुतेस की बाळाला न्हाऊ घालतेस?" ती लाजली. ते हसले नाहीत. मग तिला नमुने भाजायला बसवलं, आणि तिथंही तिनं तसंच केलं. दाणा तडकतो त्या क्षणाची वाट बघत ती भट्टीला कान लावून बसायची, बाकीचे घड्याळ बघायचे. मग एक दिवस त्यांनी तिच्या हातात चमचा दिला. "हे बघ," ते म्हणाले, "खुर्चीकडं बघून कुणी खुर्चीत बसत नाही. समोरच्या कपाकडं बघ. आणि हातचं राखू नकोस. उद्यासाठी, चांगल्या जागेसाठी जे राखून ठेवशील ना, ते उद्यापर्यंत नासतं."

तिनं नाही राखलं. लसूण सोडला, मिरची सोडली, कांदा सोडला. अत्तर नाही, ओठांना रंग नाही, दात मिठानं घासायचे. आदेमीर नावाचा एक चांगला मुलगा होता, क्रेनवर काम करायचा, हसला की गालाला खळी. पण त्याला सिगरेट सोडवेना. "तुझ्या एका मुक्यानं माझी जीभ दोन दिवस कामातून जाते," ती त्याला म्हणाली होती. आधी तो खो खो हसला. मग नुसता हसला. मग हसला नाही. शेजारच्या गावातल्या एका मुलीशी त्याचं लग्न झालं, आणि टेकडीवरच्या बायका म्हणाल्या, "कॉफीशी लग्न लागलंय हो कांदिदाच्या लेकीचं, तिला नवरा कशाला?" कांदिदा म्हणजे माय. तिनं त्यांना काय उत्तर दिलं कुणास ठाऊक. पण दर रविवारी लसूण आणि द्राक्षाच्या दारूत मुरवलेलं मांस शिजायचं त्या घरात, आणि त्याच्या शेजारी एका छोट्या पातेल्यात निल्झासाठी बिनमसाल्याची कोंबडी, पांढराफटक भात. आजाऱ्याचं जेवण. ते पातेलं कधीपासून वेगळं मांडलं जाऊ लागलं? निल्झाला आठवेना. आपण एकदाही विचारलं कसं नाही, याचं तिला आज नवल वाटलं.

आणि कॉफी? कॉफीला ती नाही म्हणायची. छातीत जळजळतं, झोप येत नाही, सकाळीच झालीय. काहीतरी कारण. मायही आग्रह करायची नाही. लिंबाच्या पानांचा काढा पुढं ठेवायची. आज सोमवारच्या विचारात डोकं असल्यानं कप पुढं आला आणि तिनं घेतला. इतक्या वर्षांनी घेतला म्हणून माय किती खुशीत समोर उभी होती!

पण सगळं गमावलंच असंही कुणी म्हणू नये. निल्झा कुणाला सांगायची नाही, पण चमचा ओठांशी गेला की तिला जे मिळायचं ते आदेमीरच्या मिठीतही मिळालं नव्हतं. डोळे मिटले की जीभ चालू लागायची. तांबड्या मातीचा उतार, सावलीतली ओल, उन्हात पसरलेले दाणे आणि त्यांच्यावरून अनवाणी फिरलेली पावलं. एखाद्या कपात जुनं लाकूड असायचं, एखाद्यात पिकल्या फणसाची आठवण, एखाद्यात असं काही की जे आपल्यालाच कधीतरी घडून गेलंय असं वाटावं. टेबल हातानं हळूच फिरवायचं, पुढचा कप यायचा, आणि पुढचा गाव. दिवसाच्या शेवटी ती इतके गाव हिंडून यायची की घरी जाताना रस्ता परका वाटायचा. काम म्हणून कुणी हे करायला लावतं आणि वर पगार देतं, याचं तिला मनातून हसू यायचं.

आणि रिओ. कॉफीतला तो एक दोष, त्याला बंदरात रिओ म्हणतात. दवाखान्यातल्या औषधी बोळ्यासारखा वास, ओल्या दोरखंडाचा, गंजाचा. गोणी ओली झाली, दाणा जमिनीवर पडून कुजला, की येतो. एका कपात रिओ निघाला की अख्खी रास गेली. चमचा मिळाल्यावर थोड्याच दिवसांत बेलार्मिनोंनी तिच्यापुढं एक कप सरकवला. "ही चव नीट ओळखून ठेव. आपला वैरी हाच." तिनं ओढलं. आणि त्या चवीतून दार उघडून पप्पा आत आले.

पप्पा गोदीत गोण्या वाहायचे. वाल्देमार म्हटलं की साऱ्या टेकडीला ठाऊक. मानेवर वळ, खांद्याला गाठ. जहाजाच्या तोंडाशी गोण्या फाटायच्या, दाणे फरशीवर सांडायचे, समुद्राच्या पाण्यात, तेलात, पायाखाली. ते झाडून गोळा करायला मुकादम ना म्हणायचा नाही. पप्पा घरी यायचे ते विजारीच्या दुमडीत, टोपीत, बुटांत दाणे घेऊन. उंबऱ्याशी वर्तमानपत्र अंथरायचं आणि ते त्यावर उभे राहून अंग झटकायचे, कुत्रं झटकतं तसे, मुद्दाम, निल्झाला हसवायला. मग माय त्यातून खडे, काथ्या, लाकडाची कुसळं निवडायची, साखर घालून तव्यावर भाजायची, आणि घर त्या वासानं भरून जायचं. घरातली कॉफी ती एवढीच. पप्पा गेले, छातीत कळ येऊन, गोदीतच. त्यानंतर माय कोपऱ्यावरच्या दुकानातली हलक्यातली हलकी पावडर आणू लागली, आणि घराचा वास तोच राहिला. निल्झाला वाटायचं, मायची काटकसर. स्वस्त ते घ्यायचं. तर त्या दिवशी पारख्याच्या टेबलाशी वैऱ्याचा कप जिभेवर धरून तिला कळलं की आपण लहानाच्या मोठ्या झालो त्या रिओवरच. ती थुंकली. बेलार्मिनोंनी विचारलं, "ओळखशील पुन्हा?" ती म्हणाली, "झोपेतसुद्धा." आणि खरंच, त्यानंतर तिच्यासारखा रिओ पकडणारं पेढीत कुणी झालं नाही. लोकांना तो जिभेवर कळायचा, तिला वाफेवर. कळला की तिची डावी भुवई आपोआप वर जायची, एवढंच, आणि चूळ पिकदाणीत. पप्पांना ती रोज ओळखायची आणि रोज थुंकायची. असा विचार तिनं कधी केला नव्हता. आज खिडकीशी बसून केला. भोंगा वाजला. लिंबू घरंगळत येऊन तिच्या कोपराला लागून थांबलं.

सकाळी धुकं खालच्या गावापर्यंत आलं होतं. पेढीत सगळे आपापले कोट घालून उभे. मालक आले, त्यांना सगळे दोतोर म्हणायचे. डॉक्टरकी कशातली हे तिथं कुणी विचारत नाही, चांगले बूट असले की माणूस दोतोर होतो. दोतोर रेनातो खिडकीशी उभे राहिले, हात मागे बांधून. टेबल मांडलेलं. बेलार्मिनो आपल्या खुर्चीत, समोर निल्झा, दोघांच्या शेजारी पितळी पिकदाण्या. "चला," बेलार्मिनो म्हणाले. "देवाचं नाव घ्या आणि ओढा."

पहिल्या कपांना तिचं शरीर आपलं आपण काम करत गेलं. ओढ, धर, सोड. टेबल फिरत होतं. सकाळच्या उजेडात वाफ वर चढत होती आणि तिच्यापलीकडं बेलार्मिनोंचा चेहरा पाण्याखाली असावा तसा हलत होता. तिच्या मनात आलं, मायनं आज फडकं धुतलं असेल. शेजारणीचा गुडघा कसा असेल. आणि खिडकीकडचा कप फिरून समोर आला, तिनं ओढलं, आणि पप्पा उंबऱ्यावर उभे राहून अंग झटकू लागले. टोपी, दुमड, बूट. दाणे टपटप वर्तमानपत्रावर. "निल्झिन्या, बघ किती आणलं!" माय ओरडतेय, अहो, घरभर करू नका. उन्हाची तिरीप, तव्यावर करपणारी साखर. किती वेळ ती तिथं होती? क्षणभरच असणार. तिनं चूळ सोडली आणि डोळे उघडले, तेव्हा बेलार्मिनो तिच्याकडे बघत होते.

मग टेबल थांबलं. बेलार्मिनोंनी चमचा कपड्यावर ठेवला. "मऊ," ते म्हणाले. मऊ म्हणजे निर्दोष. पारख्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नाही. "सगळे कप मऊ. रास जाऊ द्या जहाजावर."

दोतोर तिच्याकडे वळले. "आणि तू?"

मऊ, एवढंच म्हणायचं होतं. दोन अक्षरं. खुर्ची समोर होती, सागवानी, हातांच्या जागी झिजून उजळलेली. आणि खिडकीकडच्या कपात रिओ होता. होता ना? की तो कालचा होता, तिच्याच तोंडात राहिलेला, गिळलाही नाही आणि गेलाही नाही असा? सेऊ बेलार्मिनो मऊ म्हणतात. आजवर त्यांची जीभ चुकलेली नाही. आज चुकले, असं सगळ्यांदेखत म्हणायचं, तेही त्यांच्या शेवटच्या दिवशी? आणि म्हटलं की निकाल जुळत नाही, निकाल जुळत नाही की खुर्ची गेली. रीत म्हणजे रीत. कपांना न लागलेला साबण, न खाल्लेला लसूण, आदेमीरची खळी, सगळं गेलं पाण्यात. गप्प राहिलं तर कोण सांगणार आहे? जहाज जाईल, पलीकडच्या कुठल्या तरी बंदरात कुणीतरी नाक मुरडील. 

"पुन्हा एकदा घेऊ?" तिनं विचारलं.

"घे," दोतोर म्हणाले.

तिनं टेबल फिरवलं. खिडकीकडचा कप. चमचा भरला, ओढलं. आणि मग तिनं असं केलं की जे त्या खोलीत कुणी कधी केलं नव्हतं. तिनं घोट गिळला. एक हमाल दाराशी होता, तो "आई गं" म्हणाला. घोट घशाखाली गेला, छातीतून गेला, आणि जरा वेळानं त्याची चव मागून परत वर आली, स्वच्छ, कालची नव्हे, आजची. ओला दोरखंड. गंज. दवाखाना.

"या कपात रिओ आहे," निल्झा म्हणाली. आवाज तिला स्वतःला दुरून आला. "बाकीचे मऊ. पण हा रिओ. रास जाऊ देऊ नका."

 दोतोर म्हणाले, "सेऊ बेलार्मिनो मऊ म्हणताहेत."

बेलार्मिनोंनी चमचा पुन्हा उचलला नाही. ते नुसते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि तेवढ्यात निल्झाची डावी भुवई, उशिरा का होईना, वर गेली. म्हाताऱ्यानं सुस्कारा टाकला. "आहे. रिओच आहे," ते म्हणाले. "ही म्हणतेय म्हणजे आहे."

"म्हणजे? तुम्ही चाखल्याशिवायच?"

"चाखून काय उपयोग, दोतोर? मागच्या हिवाळ्यातल्या तापानंतर मला गरम आणि गार एवढंच कळतं. म्हणूनच तर उठतोय ना! इतके महिने मी हिच्या तोंडाकडं बघून निकाल देतोय. रिओ लागला की हिची ही भुवई वर जाते. जीभ आवळणारी, कडक लागली की ओठ मुडपते. इतकी जीव ओतून चाखते की माझं आयतंच व्हायचं." ते जरा थांबले. "आज मात्र फसलो. त्या कपाला भुवई गेलीच नाही वर. उलट हसली. पाळण्यातलं पोर झोपेत हसतं ना, तशी. मला वाटलं, याहून मऊ कॉफी जन्मात मिळायची नाही." मग तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "का गं हसलीस, पोरी?"

"पप्पा आठवले," निल्झा म्हणाली. आणि इतक्या कोटांपुढं, इतक्या कपांपुढं तिला रडू आलं. गालावरून ओघळून ते ओठांशी आलं. खारट. जिभेनं तेही नोंदून घेतलं, मेलीनं.

दोतोर रेनातो बराच वेळ खिडकीबाहेर धुक्याकडे बघत राहिले. त्यांना जहाज दिसत असावं, नाहीतर जहाजावरून परत आलेली रास. "निकाल जुळले नाहीत," ते अखेर म्हणाले.

"कुणाशी जुळायचे?" म्हातारा खुर्चीचे हात धरून उठला. "गेले कित्येक महिने या खोलीत एकच जीभ आहे. ती स्वतःशी जुळतेय की नाही, तेवढं बघा." आणि तो बाजूला झाला.

"बसा," दोतोर म्हणाले. आजवर ते तिला अगं-तुगं करत. "बसा, दोना निल्झा."

दोना म्हणजे बाईसाहेब. ती बसली. खुर्ची गरम होती. तिथून टेबल वेगळं दिसत होतं. तीच पिकदाण्यांची चकाकी, तेच कप, पण जिथं ती रोज बसायची ती जागा आता रिकामी आणि समोर. बेलार्मिनो कोट शोधत होते. तिला त्यांचा फार राग आला आणि फार माया आली. म्हणजे मी हातचं न राखता जे ओतत होते, त्यावर हे खुर्ची चालवत होते. म्हणजे ही खुर्ची मी कधीचीच चालवतेय. तिला हसूही येईना.

सुट्टी होताच ती टेकडी चढली. बसचीही वाट पाहिली नाही. पायऱ्यांवर धुकं विरत होतं, अंगणांतून कपडे वाळत होते, आणि चढता चढता तिला एकच गोष्ट हवी होती. निळ्या फुलांचा कप. आज ती कारण सांगणार नव्हती. आज ती तो घोट गिळणार होती, तळापर्यंत, साखरेसकट, आणि मायला म्हणणार होती की अजून दे. उद्याची जीभ उद्या बघू.

ओसरीवर कोथिंबिरीची कुंडी होती. तिच्याजवळून जाताना निल्झा थबकली. कुंडीतून पप्पांचा वास येत होता. तिनं वाकून पाहिलं. ओल्या मातीवर काळीभोर पावडर पसरलेली, मूठभर नव्हे, डबाभर.

आत नवा वास होता. किंवा वास असा नव्हताच. दोरीवर गाळायचं नवं फडकं होतं, पांढरंशुभ्र. टेबलावर सोनेरी फितीचं पाकीट, समुद्रकिनाऱ्यावरच्या परदेशी पाहुण्यांच्या दुकानातलं. मायनं चर्चला जायचा झगा घातला होता.

"बसलीस का खुर्चीत?"

"बसले."

"कशी आहे?"

"गरम होती."

"होईल गार. बस." मायनं कप पुढं ठेवला. "हे घे. दुकानातल्या पोरीला म्हटलं, माझी लेक पारखी आहे, फसवलंस तर तुझी धडगत नाही. आता थुंकायला नको तुला."

निल्झानं कप उचलला. तिनं ओढलं नाही, माणसं पितात तशी प्यायली. मऊ होती. एकही दोष नव्हता. एखादा तरी असावा म्हणून तिनं जीभ कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरवली. तांबडी माती होती, उतार होता, ऊन होतं, पण उंबऱ्यावर कुणी नव्हतं. तिनं घोट गिळला. माय तिच्या गळ्याकडे बघत होती, घोट खाली उतरेपर्यंत.

"कशी आहे?"

"मऊ."

"म्हणजे चांगली?"

"म्हणजे याहून चांगली नसते, माय." तिनं कप दोन्ही हातांत धरला. "पण जुनी का टाकलीस गं? मला जुनी हवी होती. मी आज त्याच्याचसाठी आले होते."

 झग्यावर नसलेली सुरकुती मायनं हातानं सरळ केली. "ती वाईट होती ते मला काय ठाऊक नव्हतं? तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. गोदीचा वास यायचा तिला. वाल्देमार यायचा घरी तेव्हा त्याच्या मानेला असाच वास यायचा." तिनं दोरीवरच्या नव्या फडक्याकडे पाहिलं. "मी काय चवीसाठी पीत होते का गं?"

 मायनं स्वतःसाठी ओतलेला कप उचलला. "बघू तरी, मोठ्या लोकांची कॉफी." तिनं घोट घेतला. तोंडात धरला. तिचे गाल फुगले, डोळे बारीक झाले, आणि ती तशीच, झगा सावरत, घाईघाईनं बेसिनकडे गेली आणि थुंकली. नेम नव्हता तिला. खिडकीच्या काचेवर, नळावर, नव्या पांढऱ्या फडक्यावर सगळीकडे शिंतोडे उडाले.

"ई! गवत उकळलंय मेल्यांनी," माय म्हणाली. मनगटानं तोंड पुसलं, वळून लेकीकडे पाहिलं, आणि लहान पोरीसारखी हसली. "फिट्टंफाट!"

निल्झाच्या तोंडात दुसरा घोट होता. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं तो बाहेर पडू दिला नाही. गिळलाच.